आलू, पण बटाटा नव्हे

श्रोतेहो, पंचगंगेला नवं पाणी आलं की कोल्हापुरातल्या फळांच्या गाड्यांवर काळपट लाल, गोल फळांचे ढीग दिसू लागतात. फळवाला ‘प्लम, प्लम’ म्हणून ओरडतो. माझ्या कानाला मात्र ‘आलुबुखार’ हेच नाव गोड लागतं. फारसीत आलू म्हणजे बटाटा नव्हे, हेच फळ. जर्द आलू म्हणजे पिवळा आलू, तो आपला जर्दाळू. आणि बुखारा हे आजच्या उझबेकिस्तानातलं शहर. तिथलं नाव आमच्या बिर्याणीत येऊन बसलं. गाडीवरचं फळ मात्र बहुधा हिमाचल नाहीतर काश्मीरचं असतं.

इतक्या लांबून यायचं म्हणून ते जरा कच्चंच तोडतात. घरी आणून लगेच फ्रिजमध्ये ढकलू नका. थंडीत पिकणं अडतं आणि गर आतून तपकिरी, पिठूळ होतो. कागदी पिशवीत घालून दोन-तीन दिवस बाहेर ठेवा. घाई असेल तर सोबत एक पिकलं केळं. अंगठ्याखाली किंचित दबलं, वास सुटला, की मग फ्रिज. तिथं चार-पाच दिवस सहज निघतात. सालीवरची पांढुरकी झाक हे फळाचं स्वतःचं मेण असतं, ते फळ जपतं. म्हणून धुवायचं ते खाताना, आणि तेव्हा मात्र चांगलं चोळून.

सगळी एकदम पिकली तर? आपल्याकडे गूळ आहे! बिया काढून फोडी सालीसकट शिजवा, गराच्या निम्मा गूळ, आलं, लाल तिखट, मीठ. साल काढायची नाही, खरा आंबटपणा आणि रंग तिथंच. ही चटणी भाकरीबरोबर खाऊन बघा, जॅमची आठवण होणार नाही.

आता वाळलेल्याविषयी. दुकानात दोन प्रकार मिळतात आणि गल्लत होते. सुट्टा मिळणारा आलुबुखार आंबट, बी असलेला, तो बिर्याणीचा. पाकिटातला बिनबियांचा, गोड, मऊसर तो प्रून. या बिचाऱ्या प्रूनची अमेरिकेत इतकी बदनामी झाली, म्हाताऱ्यांचं पोट साफ करणारं फळ म्हणून, की 2000 साली तिथल्या उत्पादकांनी सरकारी परवानगीनं ‘वाळवलेले प्लम’ असं नाव लावलं. पुढे जुनंच नाव परत घेतलं. नाव बदलून पोटाला काय फसवणार? त्यातला चोथा आणि सॉर्बिटॉल ही साखरेची जात आपलं काम करतातच. घरातल्या वडीलधाऱ्यांना रात्री तीन-चार प्रून कोमट पाण्यात भिजवून सकाळी द्यावेत, सुरुवात दोनानं. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आपल्या पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, तिथं प्रूनचं काय! पाकीट फोडलं की कोरड्या काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाखाली, आणि पावसाचे चार महिने फ्रिजमध्ये. चमचा कोरडाच हवा. वर पांढरं दिसलं तर घाबरून फेकू नका. कोमट पाण्यात विरघळलं तर ती साखर. लव असेल, कुबट वास येत असेल, तर ती बुरशी. मग सगळी बरणी रिकामी करा, वरचेवर निवडत बसू नका.

आंबट आलुबुखाराचं सरबत रमजानात इफ्तारीला फार छान लागतं. आठ-दहा फळं रात्रभर भिजवायची, कुस्करून गाळायची, गूळ, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. उन्हाळ्यातही करा, त्याला चंद्र दिसायची वाट बघायला नको. बिर्याणी वाढताना मात्र पाहुण्यांना आधीच सांगावं की आत बी आहे. एकेकाचे दात नवे बसवलेले असतात. आणि पोरं ती बी फोडून आतला गर खायला बघतात, तो खाऊ देऊ नये. त्यातून पोटात सायनाइड तयार होतं.