भरवसा कुणाच्या नावावर?

(नागपूर इथं युवकांपुढं केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत माल चढवतो-उतरवतो, कविता लिहितो. मला विषय दिलाय, 'संस्थांवरचा विश्वास आणि नागरिकांतले संबंध'. विषय कॉलेजातला आहे. मी तो गोदीच्या भाषेत फोडणार.

मुंबई बंदराचा कारभार 1873 पासून पोर्ट ट्रस्टकडं होता. ट्रस्ट म्हणजे विश्वास. 2021 च्या कायद्यानं ते नाव गेलं, प्राधिकरण आलं. विश्वास गेला, अधिकार उरला! तुमच्या नागपुरात 1936 च्या कायद्यानं उभा राहिलेला सुधार प्रन्यास. प्रन्यास म्हणजे पुन्हा विश्वासच. पाटीवर विश्वास लिहायला रंगाचा एक डबा पुरतो. माणसाच्या छातीत तो कशानं लिहायचा?

गोदीत दोरावर पोलादाची कॉइल लटकते, खाली आम्ही. क्रेनवाला मला दिसत नाही. वर उभा राहून हात दाखवणारा गडी दिसतो. त्याच्या हातावर माझं डोकं. तिथं कुणी जात विचारत नाही. पण जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की एका टोळीचे दोन घोळके होतात. माझं डोकं त्याच्या हातात चालतं, माझी भाजी त्याच्या डब्यात चालत नाही. असला हा संबंध, पाळीपुरता. भोंगा झाला की संपला.

25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी घटना समितीत बजावलं होतं की बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य नुसता वरचा रंग ठरेल. तो रंग कुठं कुठं खरवडला गेला ते बघू. लांब जायला नको.

भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, खैरलांजी. 2006 च्या सप्टेंबरात सिद्धार्थ गजभियेंना मारहाण झाली. सुरेखा भोतमांगेंनी मारणारे ओळखले आणि पोलिसांना सांगितले. म्हणजे काय केलं त्या माउलीनं? संस्थेवर विश्वास ठेवला. 29 सप्टेंबरला आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमाव घरावर आला. सुरेखा, प्रियांका, रोशन, सुधीर, चौघं संपली. गाव होतं, शेजार होता, दारं होती. एक दार उघडलं नाही. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं सहांना फाशी दिली. 2010 मध्ये याच नागपूरच्या खंडपीठानं तिची 25 वर्षांची कैद केली. अत्याचार प्रतिबंधक कायदा खालीही लागला नाही, वरही लागला नाही. जात कोर्टात कुणालाच दिसली नाही. भैयालाल भोतमांगे 2017 मध्ये गेले, न्यायाची वाट बघत.

आता दुसरं. तुमचंच कस्तुरबानगर. एक गुंड कित्येक वर्षं वस्ती नासवत होता. पकडला जायचा, सुटून यायचा. प्रत्येक घर आपापली कडी लावून बसलेलं. 13 ऑगस्ट 2004 ला त्याला जिल्हा कोर्टात आणलं, आणि वस्तीतल्या बायांच्या जमावानं त्याला तिथंच, कोर्टाच्या फरशीवर मारला. पोलिसांनी काही जणींना धरलं, तेव्हा बाकीच्या म्हणाल्या की आम्हा सगळ्यांनाच अटक करा. 2014 मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले.

टाळ्या वाजवू नका. थांबा. त्या बायांना दोष देणारा मी कोण? ज्यांना ठाण्यानं वर्षानुवर्षं ऐकलं नाही, त्यांना शांततेचे धडे देणारे पांढरपेशे साले वेगळे. पण सुरीचा विजय मी मानत नाही. का? खैरलांजीतही जमावच होता. जमाव आज आपल्या बाजूचा, उद्या त्यांच्या बाजूचा. आणि या देशात आपण संख्येनं कमी आहोत. कायदा मेला तर पहिलं प्रेत आपलं पडेल. म्हणून कायदा आपल्याला जास्त पाहिजे, त्यांना कमी!

मग कस्तुरबानगरकडून काय घ्यायचं? सुरी नको, 'सगळ्यांना अटक करा' हे घ्या. तो एका आवाजातला शब्द कोर्टाच्या फरशीवर रक्त सांडल्यावर नव्हे, ठाण्याच्या पहिल्या पायरीवर निघाला पाहिजे. सुरेखाबाई साक्ष द्यायला गेल्या तेव्हा त्यांच्या मागं पन्नास माणसं असती तर? संध्याकाळी त्या घरासमोर पन्नास माणसं बसली असती तर?

विश्वास वरून खाली पडत नाही, भाऊ. साहेबाच्या खुर्चीतून झिरपत नाही. खालची माणसं एकमेकांना धरतात, तेव्हा वरच्याला नीट वागावं लागतं. आमच्या टोळीतला एक जण जखमी झाला आणि मुकादम भरपाई नाही म्हणाला, तेव्हा अख्ख्या टोळीनं हात खाली टाकले. दोन तासांत त्याला कायदा आठवला!

तेव्हा भाषण पुरे, काम सांगतो. अत्याचार कायद्यात 2015 ला दुरुस्ती झाली, 2016 पासून ती लागू आहे. पीडिताला आणि साक्षीदाराला संरक्षण, येण्याजाण्याचा खर्च, तपासाची माहिती हे आता हक्कानं मागता येतं. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्यायचीच. दर वस्तीत पाच जण ठरवा. पोरीही पाहिजेत त्यात. साक्षीदार ठाण्यात गेला, पाच जण सोबत. कोर्टाची तारीख पडली, पाच जण सोबत. आरोपी जामिनावर सुटला, तर त्या रात्री साक्षीदाराच्या ओसरीवर पाच जणांची पथारी. आणि हे पाचही एकाच जातीचे नसावेत. मांग, वाल्मीकी, मुसलमान, जो येईल तो. येताना डबा घेऊन यायचा आणि एकत्र उघडायचा.

आपला माणूस साक्षीला एकटा जाता कामा नये. वही इथं टेबलावर आहे. ज्यांना नाव द्यायचंय त्यांनी द्या, पत्ता नीट लिहा.

जय भीम.