वस्ती आधी, दुकान मागाहून

(कसबा पेठेतील श्रोत्यांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कसबा पेठेत बसून ओस पडलेल्या दुकानांविषयी बोलणे वरवर पाहता विपरीत वाटेल. ही पुण्याची मूळ पेठ. येथे ओट्याएवढी जागा रिकामी झाली तरी तिला दहा गिऱ्हाइके असतात, असा सर्वांचा समज आहे. परंतु गाव ओस पडणे म्हणजे काय आणि ते पुन्हा वसवावे कसे, हे या भूमीइतके जवळून दुसऱ्या कोणी क्वचितच पाहिले असेल. इ.स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून बेचिराख केले आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. पुढे जिजाऊसाहेब बाल शिवरायांना घेऊन येथे आल्या. श्री कसबा गणपतीचे मंदिर उभे राहिले, लाल महाल बांधला गेला आणि त्याच शापित मानलेल्या भूमीत सोन्याच्या फाळाचा नांगर फिरला, असे परंपरा सांगते.

या कथेतील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी देव आला, मग भयमुक्त झालेला माणूस आला, मग शेत पिकू लागले आणि त्यानंतर बाजार भरला. दुकाने आधी बांधून ठेवली आणि गिऱ्हाइकांची वाट पाहिली, असे कोणी केले नाही. आज पुण्याच्या चहूदिशांच्या उपनगरांत नेमका हाच क्रम उलटा झालेला दिसतो.

शटरांची रांग

महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ गावे आली, २०२१ साली आणखी २३ गावे आली. त्या परिसरातील कोणत्याही रुंद रस्त्याने सायंकाळी चालत जावे. प्रत्येक गृहसंकुलाच्या तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून गाळ्यांची रांग आहे. एक औषधांचे दुकान, एक दूधवाला, एक केशकर्तनालय, एखादी बँक. आणि त्यांच्या मधे मधे बंद शटरे. शटरावर ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी आणि त्या पाटीवरही धूळ.

असे का होते? बांधकाम व्यावसायिकाच्या हिशेबात निवासी जागेपेक्षा दुकानाच्या जागेला चौरस फुटामागे चढा दर मिळतो. म्हणून रुंद रस्त्यावर परवानगी मिळेल तेवढे गाळे काढण्याकडे कल राहतो. शंभर घरांना किती किराणा दुकाने पुरतात, याचा हिशेब त्या नकाशात नसतो. शेजारचे संकुलही तेच करते, समोरचेही तेच करते. परिणामी वस्तीला दहा दुकाने हवी असताना पन्नास गाळे उभे राहतात.

हे गाळे घेणारा कोण असतो? बहुधा निवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, परदेशी स्थायिक झालेल्या मुलाचे वडील. त्याला दुकान चालवायचे नसते. भविष्य निर्वाह निधीचे पैसे घालून महिन्याला भाडे मिळवायचे असते. भाडेकरू वर्षभर टिकतो, धंदा न जमल्याने निघून जातो आणि मालकाच्या गळ्यात कर्जाचा हप्ता, मिळकतकर आणि देखभाल खर्च राहतो. वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर ही गोष्ट ‘मंदी’ या एका शब्दात आटोपते. त्या घरात मात्र ती मुलीच्या लग्नाची आणि म्हातारपणाच्या औषधांची गोष्ट असते.

भुताटकीचे मॉल

मोठ्या मॉलांची कथाही वेगळी नाही. नाईट फ्रँक या मालमत्ता सल्लागार संस्थेने ज्या मॉलमधील ४० टक्क्यांहून अधिक जागा रिकामी आहे, त्याला ‘घोस्ट मॉल’ असे नाव दिले. देशातील प्रमुख महानगरांत अशा मॉलांची संख्या २०२२ मध्ये ५७ होती. ती २०२३ मध्ये ६४ झाली. त्यांतील जागा १ कोटी ३३ लाख चौरस फुटांच्या घरात गेली. आश्चर्य असे, की त्याच काळात मोठे, नामांकित मॉल भरलेले होते. वाकडला २०२३ मध्ये नवा भव्य मॉल सुरू झाला आणि त्याला गर्दीही लाभली. म्हणजे लोकांनी खरेदी सोडली असे नव्हे. लहान, ठिसूळ पायावर उभी असलेली केंद्रे कोसळली.

यामागील कारण समजून घेतले पाहिजे. यशस्वी मॉलचा मालक आपले गाळे विकत नाही, ते भाड्याने देतो. कोणते दुकान कोठे असावे, हे तो ठरवतो. अनेकदा भाड्यात विक्रीचा हिस्साही असतो, त्यामुळे दुकानदाराचा धंदा बुडाला तर मालकाचेही नुकसान होते. याउलट जेथे गाळे शेकडो जणांना सुटे विकून बांधणारा मोकळा झाला, तेथे कोणाचाच जीव गुंतलेला राहिला नाही. सरकता जिना बंद पडला, तर दुरुस्त कोणी करायचा? ज्याचे दुकान बंद आहे, तो देखभाल खर्च का देईल? एक गाळा बंद झाला की शेजारच्याचे गिऱ्हाईक तुटते, आणि हळूहळू अंधार पसरत जातो.

मुंबईत भांडुपच्या ड्रीम्स मॉलने या अंधाराचे भीषण रूप दाखवले. गाळेधारक अनेक, वाद न्यायाधिकरणापर्यंत गेलेले आणि कारभार प्रशासकाच्या हाती, अशा त्या इमारतीत २५ मार्च २०२१ च्या रात्री आग लागली. वरच्या मजल्यावर कोरोनाग्रस्तांचे रुग्णालय होते. तेथील रुग्णांना प्राण गमवावे लागले. रिकामी मालमत्ता हा केवळ गुंतवणुकीचा प्रश्न नाही, हे त्या रात्रीने शिकवले.

व्हिएन्नाच्या माणसाचे स्वप्न

ज्या देशाकडून हा नमुना आला, तेथील अनुभव काय आहे? अमेरिकेत बंदिस्त, वातानुकूलित मॉलचा पहिला नमुना १९५६ साली मिनेसोटा राज्यातील एडिना येथे ‘साऊथडेल’ या नावाने उभा राहिला. त्याचा वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन हा मूळचा व्हिएन्नाचा, नाझी राजवटीमुळे देशोधडीला लागलेला ज्यू. मोटारीत कोंडलेल्या अमेरिकन उपनगरवासीयांना व्हिएन्नासारखी पायी हिंडायची, चार माणसे भेटायची जागा द्यावी, हे त्याचे स्वप्न होते. बाजाराभोवती घरे, शाळा, दवाखाने असावेत, अशी त्याची कल्पना होती. प्रत्यक्षात बाजाराची पेटी तेवढी बांधली गेली आणि तिच्याभोवती वाहनतळाचे वाळवंट पसरले. उत्तरायुष्यात ग्रुएन मायदेशी परतला आणि आपल्या नावाने चालणाऱ्या त्या प्रकाराशी आपला संबंध नाही, असे त्याने जाहीरपणे सांगितले. पुढे अमेरिकेत शेकडो मॉल आणि रस्त्याकडेची दुकानसंकुले बंद पडली. ग्रुएनला जे उभारायचे होते, ते त्याला कसबा पेठेत पायी फिरताना आयतेच दिसले असते.

आळी म्हणजे काय?

तांबट आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी, व्यवहार आळी, कागदीपुरा. या पेठेची ही नावे म्हणजे तिचा अर्थशास्त्राचा ग्रंथच आहे. येथेही मालक अनेक आहेत. मग सुट्या मालकीने मॉल मेला आणि आळी शतकानुशतके जगली, हे कसे? उत्तर सोपे आहे. आळीत दुकानाचा धनी तेथेच राहत होता. खाली कारखाना, वर घर. समोरच्याची भट्टी विझली तर त्याचा धूर यायचा थांबला, हे शेजाऱ्याला त्याच दिवशी कळत असे. धंद्यात स्पर्धा होती, पण कच्चा माल, हत्यारे, सण, सुतक आणि उत्सव सामायिक होते. गुंतवणूकदार मालक आणि रहिवासी मालक यांतला हा भेद आहे.

पेशवाईत नव्या पेठा वसल्या, त्याही या न्यायाने. सदाशिव, नारायण, नाना अशा पेठा वसवताना शेटे-महाजनांना वतन देऊन उदमी आणि कारागीर आणण्याची जबाबदारी सोपवली जाई. नव्याने आलेल्यांना काही वर्षे करात सूट मिळे. पेठ वसली नाही तर शेट्याचे वतनही फुकट जाई. म्हणजे वसवणाऱ्याचे हित वसणाऱ्याच्या हिताशी बांधलेले होते. आजच्या विकसकाला त्याचा नफा विक्रीखत होताच मिळतो. पुढे वस्ती वसो वा न वसो.

इंग्रजी अमदानीतही हाच धडा मिळतो. शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात भरणारा भाजीबाजार नगरपालिकेने १८८६ साली नव्या इमारतीत नेला. तिला रे मार्केट म्हणत. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे मत होते. काळाची गंमत अशी, की पुढे त्याच वास्तूला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. ती मंडई भरली, कारण विक्रेते आणि गिऱ्हाइके आधीपासून होती, त्यांना केवळ छप्पर हवे होते. आज उपनगरांत बांधलेल्या कित्येक भाजी मंडयांत ओटे रिकामे आणि विक्रेते बाहेर पदपथावर, असे दृश्य दिसते. विक्रेत्याला दोष देणे सोपे आहे. परंतु गिऱ्हाईक ज्या वाटेने घरी जाते, त्या वाटेवर तो बसतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने ‘नैसर्गिक बाजार’ ही संकल्पना मान्य केली, ती याच अनुभवातून. जेथे विक्रेता आणि ग्राहक परंपरेने एकत्र येतात, तो बाजार. नकाशावर रेघ ओढून तो दुसरीकडे नेता येत नाही.

आपल्या दारातले ओसाडपण

एवढे ऐकून पेठेतल्या माणसाने समाधानाने घरी जावे, असे मात्र नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचा पूर आला, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या आणि अनेक कुटुंबे लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत गेली. तेव्हापासून पेठेतील माणूस बाहेर जाणे थांबलेले नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत मध्यवस्तीतील पेठा बंदिस्त झाल्या, तेव्हा अनेक लहान दुकानांची घडी विस्कटली ती नीट बसलीच नाही. वाडे पडतात, त्यांच्या जागी इमारती उठतात, तळमजल्यावर तसेच गाळे निघतात आणि त्यांतील काहींची शटरे उघडत नाहीत. काही मालक तर १९४७ च्या जुन्या भाडे कायद्याच्या आठवणीने धास्तावून जागा मुद्दाम बंद ठेवतात. ‘एकदा आत आला की निघत नाही’ हे वाक्य पेठेत पिढ्यान्पिढ्या ऐकू येते.

तांबट आळीकडे पाहावे. पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेल्या या कारागिरांनी हंडे, घंगाळी, बंब घडवले. हातोडीच्या एकेका ठोक्याने तांब्यावर उमटणारे मठारकाम ही त्यांची ओळख. स्टेनलेस स्टील आले, गॅसचे गिझर आले आणि बंबाचे दिवस संपले. आज काही घरे नव्या रूपाची भांडी आणि शोभेच्या वस्तू घडवून कला टिकवत आहेत. परंतु एक हातोडी थांबली की तिच्या जागी दुसरी येतेच असे नाही. दुकान रिकामे झाले तर भाडेकरू मिळेल. कारागिराचा हात रिकामा झाला तर तो कोठून आणायचा?

सप्टेंबर २०२४ मध्ये कसबा पेठेच्या नावाचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले. जमिनीखालून माणसे येतील. ती वर येऊन काय पाहतील, हे मात्र जमिनीवरच्यांनी ठरवायचे आहे.

करायचे काय?

पहिली गोष्ट गुंतवणुकीची. उपनगरात गाळा घेण्यापूर्वी दलालाचे माहितीपत्रक बाजूला ठेवावे आणि त्या रस्त्यावर एका आठवड्यात तीन वेळा, सकाळ-दुपार-सायंकाळी उभे राहावे. किती माणसे पायी जातात, किती शटरे बंद आहेत, जी उघडी आहेत ती किती वर्षे उघडी आहेत, हे मोजावे. प्रकल्पाची महारेरावरील नोंद पाहावी. सामायिक जागेची देखभाल कोण करणार आणि बंद गाळ्याचा खर्च कोण उचलणार, हे लेखी विचारावे. आणि स्वतःला एक प्रश्न करावा : या दुकानात आपल्या घरातले कोणी गल्ल्यावर बसेल काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर दुसराही बसेलच याची खात्री धरू नये.

दुसरी गोष्ट रिकाम्या गाळ्यांची. बंद शटराचे भाडे शून्य असते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत करणे बंधनकारक आहे. तसा, मुदत स्पष्ट असलेला करार वकिलाकडून करून घ्यावा आणि जागा वापरात आणावी. अपेक्षित भाडे येत नसेल तर पहिले वर्ष कमी घ्यावे. पेठ वसवणाऱ्यांनी करात सूट दिली, ती दानधर्म म्हणून नव्हे. वस्ती वसली की सर्वांचेच फळते, हे त्यांना ठाऊक होते. ज्या घरगुती उद्योगिनीला स्वयंपाकघरात जागा पुरत नाही, जो तरुण दुरुस्तीचे काम शिकून बसला आहे, त्यांना अशी जागा उपयोगी पडेल.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत अवघड. स्वदेशीचे व्याख्यान ऐकून घरी गेल्यावर मोबाइलवरून मीठ-साखर मागवायची, ही विसंगती बहुतेक घरांत आहे. स्वस्त मिळते ते घेऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु मध्यरात्री ताप आला असता दार ठोठावल्यावर शटर उघडणारा औषधवाला, महिनाअखेर वहीत लिहून माल देणारा किराणावाला, आजोबा वाट चुकले तर हाताला धरून घरी आणणारा चहावाला, यांची किंमत कोणत्याही ॲपवर दिसत नाही. महिन्याच्या खरेदीतला ठराविक वाटा चालत जाता येईल अशा दुकानातून करण्याचा नेम प्रत्येक घराने धरला, तर या पेठेत एकही शटर बंद राहणार नाही.

जिजाऊसाहेबांनी ओस गाव वसवले तेव्हा त्यांच्याजवळ बाजारपेठेचा आराखडा नव्हता. येथे माणूस निर्भयपणे राहील, एवढी हमी त्यांनी दिली. दुकाने मागाहून आली आणि जवळजवळ चार शतके राहिली. उद्या सकाळी तांबट आळीत हातोडीचा पहिला ठोका पडेल आणि एखादा दुकानदार शटर वर करून पहिल्या गिऱ्हाइकाची, भवानीची वाट पाहील. ती भवानी आपल्या हातून व्हावी, एवढीच विनंती.