पंच्याण्णव टक्के विश्वास कशावर?

(टोकियो येथील वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हांस आरोग्यावर बोलावे असे सुचविले होते. रक्तदाब आणि मधुमेह या विषयांवर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलून झाले आहे, आणि ते ऐकून घरी गेल्यावर कोणी पुरणपोळी सोडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. म्हणून आज आम्ही शाळेच्या गणिताच्या पुस्तकातील एका प्रकरणाविषयी बोलणार आहोत. आरोग्याचा संबंध पुढे येईलच.

ज्यांची मुले येथील जपानी उच्च माध्यमिक शाळांत जातात त्यांना ठाऊक आहे की एप्रिल २०२२ पासून अभ्यासक्रम बदलला. 'गणित ब' मध्ये सांख्यिकीय अनुमानाचे प्रकरण पूर्वीही होते. परंतु प्रवेशपरीक्षेत त्याला पर्याय असल्यामुळे बहुतेक शाळा ते गाळीत आणि श्रेढी व सदिश शिकवून मोकळ्या होत. नव्या रचनेत सदिश 'गणित क' मध्ये गेले. जानेवारी २०२५ च्या सामायिक प्रवेशपरीक्षेपासून श्रेढी, सांख्यिकीय अनुमान, सदिश, आणि वक्र व संमिश्र संख्यांचे प्रतल या चार प्रश्नांपैकी तीन सोडविणे भाग पडले. म्हणजे टाळता येतो तो एकच. साहजिकच ज्यांनी स्वतः विद्यार्थिदशेत हे प्रकरण उघडलेही नव्हते अशा शिक्षकांवर ते शिकविण्याची वेळ आली. टोकियोतील भारतीय शाळांत केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम चालतो. त्यातील अकरावी-बारावीच्या नेहमीच्या गणितात संभाव्यता आहे, पण हे प्रकरण नाही. अमेरिकेत मात्र १९९७ पासून शाळकरी मुलांसाठी संख्याशास्त्राची स्वतंत्र प्रगत परीक्षा आहे आणि तीत ते आहे. त्यामुळे आपल्या एकाच कुटुंबातील तीन भावंडांपैकी एकाला हा विषय पाठ असतो, दुसऱ्याला अर्धवट माहीत असतो आणि तिसऱ्याच्या कानावरही आलेला नसतो.

विषय आहे विश्वास-अंतरालाचा. जपानीत त्याला 'शिनराई कुकान' म्हणतात. शिनराई म्हणजे विश्वास. कुकान हा शब्द आपण रोज खिशात घेऊन हिंडतो: रेल्वेच्या पासावर अमुक स्थानकापासून तमुक स्थानकापर्यंत असा जो टप्पा छापलेला असतो तो कुकान. मुलांना हा अर्थ एकदा सांगितला की अर्धे काम होते. उत्तर एका स्थानकाचे नाव नसून दोन स्थानकांमधला टप्पा असू शकतो, ही कल्पनाच मुळात नवी आहे. कारण गणितात उत्तर एकच असते असे आपण त्यांना पहिलीपासून सांगत आलो.

गेली काही वर्षे आम्ही रविवारी दुपारी आपल्या मंडळींच्या पाच-सहा मुलांना गणित शिकवितो. आम्ही व्यवसायाने वैद्य, गणिताचे पंडित नव्हे; परंतु वैद्यकाला या विषयाशी लग्न लावावेच लागते. नेमन या पोलिश गणितज्ञाने १९३७ मध्ये ज्याची शास्त्रशुद्ध मांडणी केली तो हा विचार आमच्या व्यवसायात फार उशिरा रुजला. १९८६ मध्ये गार्डनर आणि ऑल्टमन यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आग्रह धरला की औषधाचा गुण आला की नाही एवढेच सांगू नका, किती आला आणि तो कुठून कुठपर्यंत असू शकतो तेही सांगा. त्यानंतर वैद्यकीय नियतकालिकांत ही रीत रुळत गेली.

पाठ्यपुस्तकातील आकडेमोड कठीण नाही. टोकियोतील मुलांना आम्ही दूरचित्रवाणीचे उदाहरण देतो. कान्तो प्रदेशात कोणता कार्यक्रम किती घरांत पाहिला जातो याचा अंदाज 'व्हिडिओ रिसर्च' ही संस्था पुष्कळ वर्षे ६०० घरांवरून करीत असे. समजा, त्यांपैकी २० टक्के घरांत एखादा कार्यक्रम पाहिला गेला. ०.२ गुणिले ०.८ म्हणजे ०.१६; त्याला ६०० ने भागावे, वर्गमूळ काढावे, १.९६ ने गुणावे. येते सुमारे ०.०३२. म्हणजे टप्पा १६.८ ते २३.२ टक्के. एका वाहिनीचे २०.३ आणि दुसरीचे १९.८ आले म्हणून कोणी पेढे वाटू लागले, तर त्यांना हा टप्पा दाखवावा. २०१६ मध्ये संस्थेने घरे ९०० केली आणि २०२० मध्ये २७००. घरे साडेचार पट झाली, तर टप्पा साडेचार पट आखूड झाला काय? नाही, मध्ये वर्गमूळ बसले आहे. तो १८.५ ते २१.५ झाला, म्हणजे निम्म्याहून थोडा कमी. अचूकता दुप्पट हवी तर कष्ट चौपट, हा हिशेब मुलांना चटकन पटतो.

खरी अडचण पुढे आहे. हे सारे बिनचूक सोडविणाऱ्या मुलाला विचारावे, "९५ टक्के म्हणजे काय?" तो म्हणतो, "खरा आकडा या टप्प्यात असण्याची शक्यता ९५ टक्के." हे उत्तर ऐकायला इतके शहाणपणाचे वाटते की ते चूक आहे हे मोठ्यांनाही पटत नाही, आमच्या व्यवसायातील नामवंतसुद्धा असेच बोलतात. पुस्तकात खरा अर्थ एका वाक्यात दिलेला असतो, पण त्या वाक्यावर गुण क्वचितच मिळत असल्यामुळे ते वाचले जात नाही.

त्यावर आम्ही एक उपाय केला. 'गो' या खेळाच्या दोन संचांतून ३०० काळ्या व २०० पांढऱ्या सोंगट्या मोजून एका डब्यात घातल्या. काळ्यांचे प्रमाण ६० टक्के, हे आम्हांस ठाऊक, मुलांना नाही. प्रत्येकाने न पाहता एक सोंगटी काढावी, रंग लिहावा, परत टाकावी, डबा ढवळावा. असे पन्नास वेळा. मग आकडेमोड करून आपल्या टप्प्याची आडवी रेघ भिंतीवरच्या मोठ्या कागदावर काढावी. सहा मुलांनी चार-चार वेळा हे केले. कंटाळवाणे काम, पण तिसऱ्या फेरीनंतर त्यांना त्यात गोडी वाटू लागली. चोवीस रेघा झाल्यावर आम्ही गुपित फोडले आणि ६० वर एक उभी रेष ओढली. बावीस रेघांना ती छेदून गेली. दोन रेघा बाजूलाच राहिल्या.

त्यांपैकी एक रेघ दहावीतल्या एका मुलीची होती. तिला पन्नासांत बावीसच काळ्या मिळाल्या होत्या. टप्पा ३० पासून ५८ पर्यंत. ती हिरमुसून म्हणाली, "काका, माझं मोजताना चुकलं का?" तिची वही आम्ही तपासली. एकही चूक नव्हती. तिने सर्व काही नियमाप्रमाणे केले होते आणि तरीही तिचा टप्पा खऱ्या आकड्याला मुकला होता. खरा आकडा कुठे हलत नाही. तो डब्यात स्थिर बसलेला असतो. हलतात त्या आपल्या रेघा. शंभर जणांनी प्रामाणिकपणे रेघा काढल्या तर पंच्याण्णवांच्या आसपास लोकांची रेघ त्याला गाठील. आपली रेघ त्यांतली आहे की उरलेल्या पाचांतली, हे रेघेकडे पाहून कळत नाही. ९५ टक्के विश्वास आहे तो रेघ काढण्याच्या पद्धतीवर, त्या एका रेघेवर नव्हे. एरवी तो डबा उघडून दाखविणारे कोणी नसते.

मोठ्या मुलांना आम्ही टोकियोचेच एक उदाहरण दिले. जून २०२० मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने टोकियो, ओसाका आणि मियागी येथील सुमारे ८,००० लोकांच्या रक्तात करोनाची प्रतिद्रव्ये आहेत काय हे तपासले. टोकियोत १,९७१ जणांपैकी दोघांत ती आढळली: ०.१० टक्के. पाठ्यपुस्तकाचे सूत्र लावले तर टप्पा येतो उणे ०.०४ ते अधिक ०.२४. एक मुलगा लगेच म्हणाला, "उणे माणसं आजारी कशी पडतील?" प्रश्न उत्तम होता. ते सूत्र अदमासाचे आहे. होकार आणि नकार दोन्ही पुरेसे असले तरच चालते. दोनच होकार असताना वेगळी, अचूक रीत वापरावी लागते, आणि तिने टप्पा येतो सुमारे ०.०१ ते ०.३७ टक्के. टोकियोची लोकसंख्या सुमारे १ कोटी ४० लाख धरली, तर बाधित होऊन गेलेले लोक दीड-दोन हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत कितीही असू शकत होते. '०.१ टक्का' हा आकडा एकटा वाचणाऱ्याला हे कळण्याचा मार्ग नव्हता.

आता जे सांगावयाचे आहे ते पुस्तकात फारसे सापडत नाही, आणि आमच्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. हा टप्पा केवळ दैवाच्या लहरीने होणारी चूक मोजतो. डब्यात कोणत्या सोंगट्या घातल्याच नाहीत, याविषयी तो अवाक्षर बोलत नाही. खेड्यात पाहणीसाठी आलेला कारकून चावडीवर बसून, सडकेलगतची घरे लिहून दुपारच्या गाडीने परत गेला आणि गावाबाहेरच्या वस्तीत त्याने पाऊलच टाकले नाही, तर अशा हजारो नोंदींवरून काढलेला टप्पा अगदी अरुंद, अगदी आत्मविश्वासपूर्ण आणि साफ चुकीचा असेल. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना हे उदाहरण समजावून सांगावे लागणार नाही. नोंदी दुप्पट केल्याने ही चूक कमी होत नाही. उलट चुकीच्या आकड्याचा रुबाब वाढतो. टोकियोतही पाहावे: घरी आलेली जपानी प्रश्नावली आपल्यापैकी किती जण भरून पाठवितात? मग येथील पाहण्यांत आपण कोठे असणार?

ही अडचण भारतातील एका मोठ्या माणसाने फार लवकर ओळखली होती. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि बंगालमधील तागाच्या पिकाच्या नमुना पाहण्या केल्या. त्यांनी एकाच प्रदेशाचे दोन स्वतंत्र नमुने घेऊन ते दोन वेगवेगळ्या तुकड्यांकडे सोपविण्याची रीत घातली. दोन्ही तुकड्यांची उत्तरे दैवाने पडेल त्याहून अधिक अंतराने वेगळी आली, तर दोष नशिबाचा नसून मोजणाऱ्यांचा. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीमागे त्यांचीच प्रेरणा होती. अर्थात दोन्ही तुकड्या त्याच वस्तीला वगळून गेल्या तर ही युक्तीही पांगळी पडते. तेव्हा मुलांनी कोणताही टप्पा पाहिला की पहिला प्रश्न '१.९६ घेतले का' हा न विचारता 'कोणाला विचारले नाही' हा विचारावा, असे आम्ही त्यांना शिकवितो. परीक्षेत त्याला गुण नाहीत.

आता आरोग्य. आपल्यापैकी पुष्कळ घरे विदर्भातील आहेत. तेथे सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष आढळतो. १९५० च्या दशकापासून तो वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेला आहे. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तीत शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. मोहिमेचा रोख मुख्यतः आदिवासी भागांवर आहे. परंतु हा दोष आदिवासींपुरता नाही, तो आपल्या समाजातही आहे, हे विदर्भातील वैद्यांना अनेक दशके ठाऊक आहे.

वर्गात आम्ही एक कल्पित उदाहरण दिले: एका गावातील ६० जणांची तपासणी केली, १२ जण वाहक निघाले. टप्पा काढा. मुलांनी काढला: सुमारे १० ते ३० टक्के. मग त्यांच्यातील एकाने, ज्याचे आजोळ नागपूरकडचे आहे, विचारले, "म्हणजे मी वाहक असण्याची शक्यता दहा ते तीस टक्के?" आम्ही म्हणालो, नाही. हा टप्पा गावाविषयी बोलतो, तुझ्याविषयी नाही. त्यावरून गावासाठी किती औषधे ठेवावीत, किती कुटुंबांना सल्ला द्यावा, हे ठरविता येईल. तू वाहक आहेस की नाहीस याचे उत्तर टप्प्याने मिळत नाही. ते एका रक्ततपासणीने मिळते.

तेव्हा पालकांना आमची विनंती आहे. मुलामुलींची लग्ने ठरविण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी. आधी साधी विद्राव्यता चाचणी, तीत शंका आल्यास हिमोग्लोबिनची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी. वाहक माणूस सहसा धडधाकट असतो, म्हणून लक्षणांची वाट पाहू नये. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. प्रत्येक खेपेला नव्याने. 'पहिले आजारी झाले, आता पुढची तीन सुखरूप' असे मानणारी शिकलेली जोडपी आम्ही पाहिली आहेत. जपानी लोकांत हा विकार जवळजवळ नसल्यामुळे येथील डॉक्टरला तो आपण होऊन सुचेलच असे नाही; आपले मूळ विदर्भातील आहे हे आपणच त्याला सांगावे. वाहक निघणे हा कलंक नव्हे, आणि त्यावरून स्थळ मोडण्याचेही कारण नाही. दोघांच्या तपासण्या हाती असाव्यात, म्हणजे पुढचे निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येतात.

रविवारचा वर्ग चालूच आहे. प्रकरणाचा उरलेला भाग, गृहीतकाची कसोटी, पुढील महिन्यात घेऊ. नव्या अभ्यासक्रमात तोही आला आहे. मुलांनी पट्टी, पेन्सिल आणि जाडजूड वही आणावी. गणकयंत्र घरी ठेवावे, कारण प्रवेशपरीक्षेत ते चालत नाही आणि वर्गमूळ हाताने काढण्याची सवय मोडलेली आहे. ज्या आई-वडिलांना मागच्या बाकावर बसावेसे वाटेल त्यांनी अवश्य यावे. सोंगट्या पुरेशा आहेत.