मैदान सार्वजनिक, व्यवस्था खासगी : देखरेख कोणाची?



जागा शहराच्या मालकीची आणि तिची व्यवस्था खासगी संस्थेकडे, ही पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. उद्यान असो, जलतरण तलाव असो वा गोल्फचे मैदान असो. दैनंदिन देखभालीचा भार दुसऱ्यावर सोपवून महानगरपालिका आपला खर्च व मनुष्यबळ वाचविते. यात मुळात गैर काही नाही. मात्र व्यवस्था सोपविली म्हणजे जबाबदारीही संपली, असा समज हळूहळू दृढ होतो, तो घातक होय.

उपनगरांचा अनुभव

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांत वस्ती दाट आणि घरे लहान. येथील मुलांना धावण्यासाठी विकास आराखड्यात राखून ठेवलेल्या मोकळ्या भूखंडांवाचून दुसरी जागा नाही. अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल 1988 मध्ये सुरू झाले. मालकी पालिकेची आणि कारभार प्रतिष्ठानाकडे, अशी तेथील रचना होती. लहान मैदाने व उद्याने यांच्यासाठी दोन मार्ग अवलंबिण्यात आले. ‘दत्तक’ पद्धतीत संस्थेने केवळ देखभाल करावयाची होती. ‘काळजीवाहू’ पद्धतीत मात्र भूखंडाच्या काही भागावर बांधकाम करण्यासही मुभा होती.

या दोन पद्धतींतील अंतर कागदावर लहान दिसते. प्रत्यक्षात ते फार मोठे आहे. देखभाल करणारी संस्था उद्या निघून जाऊ शकते. इमारत उभारणारी संस्था सहसा जात नाही. जानेवारी 2016 मध्ये महापालिका सभागृहाने मोकळ्या जागांविषयीचे धोरण संमत केले, तेव्हा नागरिकांनी त्यास तीव्र विरोध केला. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी धोरणास स्थगिती दिली आणि संस्थांकडे असलेले 216 भूखंड परत घेण्यास सांगितले. त्यांपैकी बहुतेक परत आले. जेथे क्लबच्या इमारती उभ्या होत्या, तेथील काही भूखंड मात्र वर्षानुवर्षे आले नाहीत. 2023 मध्ये दत्तक धोरणाचा नवा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध करण्यात आला, तेव्हाही नागरिकांचा पहिला प्रश्न हाच होता : दिलेली जागा परत येईल काय?

मुदत संपल्यानंतर

हा प्रश्न केवळ उपनगरांचा नाही. शहरातील महालक्ष्मीच्या घोडशर्यतीच्या मैदानाचा भाडेपट्टा 2013 मध्ये संपला. त्या जागेविषयीचा निर्णय होण्यास 2024 साल उजाडले. त्यानुसार सुमारे 211 एकरांपैकी 120 एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचे ठरले. भाडेपट्ट्याची अखेरची तारीख पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. तिची तयारी मात्र ती उलटल्यावर सुरू होते, हे अनेक ठिकाणचे दुखणे आहे.

न्यूयॉर्कचा धडा

परदेशातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कचराभूमीच्या जागी नगर प्रशासनाने सार्वजनिक पैशातून गोल्फचे मैदान तयार केले आणि ते चालविण्यास ट्रम्प यांच्या कंपनीस दिले. 2015 मध्ये मैदान खुले झाले. जानेवारी 2021 मध्ये प्रशासनाने करार रद्द केल्याचे जाहीर केले. मोठ्या स्पर्धा आता या मैदानाकडे वळणार नाहीत, असे कारण देण्यात आले. परंतु 2022 मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मैदान मोठ्या स्पर्धांस योग्य असावे, एवढीच करारातील अट होती. तेथे स्पर्धा आणल्याच पाहिजेत, अशी नव्हती. तात्पर्य हे की, जे करारात लिहिलेले नाही, ते पुढे मागता येत नाही, मग मागणारी संस्था केवढीही मोठी असो.

देखरेखीची सूत्रे

यास्तव करार करतानाच काही गोष्टी निश्चित करणे अगत्याचे आहे. भूखंडाची मोजणी करून सीमा नकाशावर आखाव्यात. प्रवेशाच्या वेळा व शुल्क यांचा फलक प्रवेशद्वाराशी मराठीत लावणे बंधनकारक असावे. महापालिका शाळांतील मुलांसाठी राखीव वेळ असावा आणि तिची नोंदवही ठेवली जावी. परवानगीवाचून एक वीटही रचली जाऊ नये. जमाखर्चाची दरवर्षी तपासणी व्हावी आणि विभाग कार्यालयाच्या अधिकाऱ्याने पूर्वसूचना न देता पाहणी करावी. नियमभंगासाठी दंड किती आणि ताबा परत घ्यावयाचा कसा, हेही शब्दांत असावे. मुदत संपण्यापूर्वी एक वर्ष ताबा घेण्याची कार्यवाही सुरू व्हावी.

ग्रामपंचायतींनाही हे सूत्र लागू पडते. आठवडे बाजाराची वसुली, गाळे, व्यायामशाळा, समाजमंदिर यांची व्यवस्था ठेकेदाराकडे वा मंडळाकडे दिली जाते. त्यांचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखविला, तर शंकेस जागा उरत नाही. शिक्षकांनीही एवढे पाहावे की, आपल्या शाळेतील मुले त्या मैदानावर खेळतात की कुंपणाबाहेर उभी राहतात. देखरेख नीट आहे की नाही, याची याहून सोपी परीक्षा दुसरी नाही.