छपराखालचे लाकडी पूल



पुलाला छप्पर कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. घोडे पाणी पाहून बुजू नयेत, वाटेवर बर्फ साचू नये, अशी उत्तरे सांगितली जातात. पण अमेरिकेत अशा पुलांवर हिवाळ्यात बाहेरचा बर्फ मुद्दाम आणून पसरीत, कारण त्यावाचून घसरगाड्या चालत नसत! छप्पर मुख्यतः लाकडासाठी असते. सांध्यात पाणी मुरले की लाकूड कुजते, आणि सांधा गेला की पूल गेला.

फिलाडेल्फिया येथे स्कूलकिल नदीवर टिमथी पामर या कारागिराने बांधलेला लाकडी पूल १८०५ साली वाहतुकीस खुला झाला. उघडा ठेवल्यास तो दहा-बारा वर्षे, आच्छादल्यास तीस-चाळीस वर्षे टिकेल, असा पामरचा अंदाज होता. न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांच्या आग्रहावरून वर छप्पर घातले गेले व बाजूंना झड अडविणाऱ्या फळ्या बसल्या. पामरचा हिशेब खरा ठरला. १८५० च्या सुमारास रेल्वेसाठी पुलाची पुनर्बांधणी झाली. पुढे १८७५ साली तो आगीत भस्मसात झाला.

तेव्हा जतनाचे पहिले काम म्हणजे वेळच्या वेळी शाकारणी. ते खर्चाचे नाही, म्हणूनच बहुधा राहून जाते. कुजलेली तुळई तेवढीच बदलावी, बाकीच्या जुन्या लाकडाला हात लावू नये. जड वाहनांसाठी खाली पोलादी तुळया घालण्याचा मोह होतो. तसे केल्यास लाकडी कैची भार वाहीनाशी होऊन केवळ शोभेची उरते. त्यापेक्षा शेजारी नवा पूल बांधणे मला अधिक योग्य वाटते.

न्यूयॉर्क राज्यातील ब्लेनहाइम येथे असेच झाले होते. निकोलस पॉवर्स याने १८५५ साली बांधलेला, एकाच गाळ्यात दोनशे फुटांहून अधिक रुंद ओढा ओलांडणारा तो पूल शेजारी पोलादी पूल झाल्यावर केवळ पादचाऱ्यांसाठी राखला गेला. वाहनांपासून तो वाचला; परंतु २८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळाच्या पुरात वाहून गेला. २०१८ साली त्याच धर्तीचा पूल अधिक उंचीवर उभारण्यात आला. तो देखणा आहे, पण त्याला १८५५ चा पूल म्हणणे बरोबर होणार नाही.

त्याच राज्यात कूपर्सटाउनजवळ हाइड हॉल येथे १८२५ सालचा पूल आहे. लांबी अवघी ५३ फूट. राज्य शासनाने १९६७ साली त्याची डागडुजी केली. आज उभ्या असलेल्या अमेरिकेतील आच्छादित पुलांत तो सर्वांत जुना मानला जातो.