गावकीचे वाजविणे आणि विद्यापीठातील संगीत



१९५६ साली धम्म स्वीकारल्यावर आपण गावकीचे वाजविणे नाकारले, ते योग्यच झाले. ती कला नव्हे, वेठ होती! परंतु आज मुलगी संगीतात बी. ए. करीन म्हणते, तेव्हा “पुन्हा तेच का?” असे आपण विचारता. वामनदादा कर्डकांना शाळाही लाभली नाही. तरी त्यांच्या गाण्यांनी बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत नेला. ती गाणी उद्या स्वरलिपीत कोण उतरविणार? पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीताची पदवी मिळते. सोलापुराहून तिकडचा खर्च जड वाटेल. मात्र अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० पासून लागू आहेत. जातीचा दाखला आजच काढून ठेवा. प्रवेश होताच शिष्यवृत्तीचा अर्ज भरा.