बाटली सुटावी, वाटी हाती यावी
(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील अधिकारी यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)

मूल वर्षाचे झाले, भिंतीला धरून उभे राहू लागले, की घरातील सर्वजण त्याच्या पावलांकडे कौतुकाने पाहतात. ते काय खाते याचीही थोडीबहुत चौकशी होते. परंतु ते काय पिते आणि कशातून पिते, याचा विचार क्वचितच केला जातो. दूध, चहा, सरबत, दुकानातील रंगीत पेय यांपैकी जे हाताशी असेल ते दिले जाते आणि मूल रडू नये म्हणून बाटली त्याच्या तोंडी राहते. वरवर क्षुल्लक भासणाऱ्या या सवयींचा संबंध बालकाच्या रक्ताशी, दातांशी आणि वाढीशी आहे.

२०१९-२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळून आला. याची कारणे अनेक आहेत. तथापि बालकाच्या पेल्यात काय असते, हे त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण असून ते दूर करण्यास फारसा खर्च येत नाही.

दूध हवे, पण किती?

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. त्यानंतर वरचा आहार सुरू करून स्तनपान दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे चालू ठेवावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. म्हणजेच दुडदुडणाऱ्या मुलासाठीही आईचे दूध हे उत्तम पेय होय. ज्याचे स्तनपान थांबले आहे, अशा वर्षावरील मुलास गाईचे किंवा म्हशीचे दूध दिवसाकाठी ४०० ते ५०० मिलिलिटर, म्हणजे साधारण दोन कप, पुरेसे असते. ते उकळलेले असावे, त्यात पाणी मिसळू नये व साखर घालू नये.

"दूध पिते, मग जेवले नाही तरी चालेल" ही समजूत मात्र घातक आहे. दुधात लोह अत्यल्प असते. शिवाय दुधातील कॅल्शियम इतर अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा आणते. पोट दुधाने भरले की मूल भाकरी, वरण, पालेभाजी, अंडे यांकडे पाठ फिरवते. अशा रीतीने गुबगुबीत दिसणारे मूलही आतून निस्तेज होत जाते.

चहा, रस आणि डब्यातील पूड

आपल्याकडे सकाळी चहात बिस्कीट किंवा चपाती बुडवून मुलास भरवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. चहातील टॅनिन लोहाचे शोषण रोखते, चहाने भूक मंदावते आणि साखरेची गोडी लागते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच वर्षांखालील मुलास चहा-कॉफी देऊ नये आणि दोन वर्षांखालील मुलास फळांचा रस व गोड पेयेही देऊ नयेत. रसात फळातील चोथा नाहीसा होतो, साखर मात्र राहते. त्यापेक्षा केळे कुस्करून द्यावे, चिकू किंवा पपईच्या मऊ फोडी हाती द्याव्यात.

दुधात घालण्याच्या पुडींचा मोहही आवरला पाहिजे. अन्नसुरक्षा कायद्यात "आरोग्यपेय" अशी व्याख्याच नसल्याने, २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी उत्पादने त्या नावाखाली न दाखवण्यास सांगितले. या पुडींपैकी अनेकींत साखरेचे प्रमाण मोठे असते. घरची नाचणीची पेज किंवा पातळ खीर यापेक्षा सरस ठरते. घरचे ताजे ताक थोड्या प्रमाणात चालते, पण ते जेवणाची जागा घेऊ शकत नाही. वरणाच्या वरच्या पाण्याबाबतही हेच म्हणता येईल. पोषण तळच्या डाळीत असते, ती घोटून द्यावी. तहान भागवण्यासाठी उकळून गार केलेले साधे पाणीच योग्य.

बाटलीचा धोका

बाटलीचे निपल आणि तिच्या आतील खाचा पूर्णपणे स्वच्छ करणे कठीण असते. उरलेल्या दुधाच्या थरात जंतू वाढतात आणि त्यातून अतिसार उद्भवतो. बाटली तोंडात घेऊन मूल झोपी गेले, तर दुधातील साखर दातांवर साचते. झोपेत लाळ कमी सुटत असल्याने ती धुतली जात नाही. प्रथम वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढुरके पट्टे दिसतात, नंतर दात तपकिरी होऊन झिजतात. "दुधाचे दात पडणारच" असे म्हणून हे सोडून देता येत नाही; दुखणाऱ्या दातांमुळे मूल जेवत नाही आणि दात अकाली गेल्यास कायमच्या दातांची जागा बिघडते. आडवे झोपून बाटलीने दूध पिणाऱ्या मुलांना कान फुटण्याचा त्रासही अधिक संभवतो.

बाटली सोडवावी कशी?

सर्वांत उत्तम म्हणजे बाटली सुरूच करू नये. आपल्या घरांत पूर्वी वाटी-चमचा आणि बोंडले यांवर मुले वाढली. सहा महिन्यांनंतर मूल धरून ठेवलेल्या पेल्यातून घोट घेऊ शकते. बाटलीची सवय लागलीच असेल, तर ती वर्ष ते दीड वर्षाच्या आत सुटावी.

प्रथम दुपारची बाटली बंद करून तेच दूध वाटीतून किंवा लहान पेल्यातून द्यावे. काही दिवसांनी सकाळची बंद करावी. रात्रीची बाटली शेवटी सोडवावी. ते दूध झोपण्यापूर्वी बसवून पाजावे, मग दात पुसून किंवा घासून घ्यावेत आणि त्यानंतर फक्त पाणी द्यावे. मूल बाटली मागते ते पुष्कळदा भुकेने नव्हे, तर जवळिकीसाठी. त्या वेळी अंगाई, गोष्ट किंवा पाठीवरून फिरणारा हात उपयोगी पडतो. मूल आजारी असता हा प्रयत्न आरंभू नये. घरातील सर्वांचे एकमत मात्र हवे. आईने बंद केलेली बाटली आजीने दिली, तर सारे श्रम वाया जातात.

अतिसार झाल्यास जलसंजीवनीची एक लिटरची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यातच मिसळून चमच्याने किंवा पेल्याने पाजावी. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर द्यावी. दुकानातील गोड पेय हा तिचा पर्याय नव्हे. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले किंवा पिणे थांबले, तर तत्काळ आरोग्य केंद्र गाठावे.

गावाने काय करावे?

दूधबाटल्यांच्या जाहिरातीस, तसेच मातांना त्यांचे नमुने व भेटी देण्यास १९९२ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली असून तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आहे. २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. बारशाच्या किंवा बाळंतिणीच्या कार्यक्रमात बाटली भेट देण्याऐवजी वाटी-चमचा देण्याची प्रथा गावाने पाडावी. ग्रामपंचायतीने पाण्याचे नियमित शुद्धीकरण व तपासणी करावी. अंगणवाडी सेविकेने वजनाच्या दिवशी मूल काय खाते याबरोबर काय पिते हेही विचारावे. शिक्षकांनी हा विषय वर्गात मांडावा, कारण धाकट्या भावंडास चहा पाजणारे हात पुष्कळदा शाळेतील मुलांचेच असतात.

यासाठी मोठा निधी किंवा नवी इमारत लागत नाही. स्वच्छ पाणी, एक वाटी, एक चमचा आणि मुलापाशी बसण्यास थोडा वेळ एवढेच पुरे. पण हा वेळ एकट्या आईकडून अपेक्षू नये. शेतावर किंवा मजुरीवर जाणाऱ्या आईच्या हाती बाटली येते ती सोय म्हणून. ती सोय सुटावी असे वाटत असेल, तर घरातील पुरुषांनी आणि गावाने तिचा भार थोडा उचलला पाहिजे.